गस्तीला वही हवी

डिसेंबर 2019मध्ये कांद्याने किरकोळ बाजारात किलोला शंभरी ओलांडली आणि शेतात काढून ठेवलेला कांदा रातोरात गायब झाल्याच्या तक्रारी पोलीस ठाण्यांत येऊ लागल्या. जुलै 2023मध्ये टोमॅटोची तीच गत झाली. बाजारभावावर शेतकऱ्याइतकीच चोराचीही नजर असते. तांबे महाग झाले की विहिरीवरची केबल कापली जाते, मोटार उचलली जाते, रोहित्र खाली पाडून त्यातले तेल आणि तांबे काढून नेले जाते. रोहित्र एक फुटते, पण त्यावरच्या साऱ्या शिवाराचे पाणी बंद पडते.

खेड्यातली चोरी म्हटले की शहरी माणसाच्या डोळ्यांपुढे फोडलेले कुलूप येते. शेतकऱ्याची निम्मी मालमत्ता मात्र कुलपाबाहेरच असते: गोठ्यातली शेळी, खळ्यावरचे सोयाबीन, बांधावरचे ठिबकचे पाइप. तिला कुलूप लावणार कुठे? तिची राखण माणसांनीच करायची असते.

जुन्या गावाने ही राखण रचनेतच बसवली होती. गावकूस होते, रात्री बंद होणारी वेस होती, वाड्याच्या दरवाजाला दिंडी आणि आतून अडसर होता. आणि गस्तीला जागल्या होता. विहिरींवर पंप बसले, उसाला पाणी मिळाले, तशी कुटुंबे मळ्यात राहायला गेली. शेत जवळ आले, शेजारी लांब गेला. जानेवारी 2001मध्ये नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्यात कोठेवाडीवर दरोडा पडला. घरे लुटली गेली, महिलांवर सामूहिक अत्याचार झाले. एकाकी वस्ती म्हणजे काय, हे त्या रात्रीने महाराष्ट्राला दाखवले. आजही अशा कितीतरी वस्त्यांवर पोलिसांची गाडी पोहोचायला वेळ लागतो. 112 क्रमांक लावावाच, पण गाडी येईपर्यंतची वेळ गावालाच निभवायची असते.

म्हणून चार चोऱ्या झाल्या की गाव काठ्या घेऊन बाहेर पडते. ते योग्यच आहे. धोका सुरू होतो तो या काठ्यांना ना नाव असते ना जाब, तेव्हा.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार भरला होता. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने पकडले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि ठार मारले. 16 एप्रिल 2020च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक याच रीतीने मारले गेले. टाळेबंदीचे दिवस होते आणि चोर-दरोडेखोरांच्या अफवांमुळे त्या भागात लोक रात्री पहारा देत होते. दोन्ही ठिकाणी मारले गेलेले चोर नव्हते.

2024च्या पावसाळ्यात पुणे, बीड, जालना जिल्ह्यांत रात्री ड्रोन दिसू लागले. चोर वरून टेहळणी करतात, अशी बोलवा झाली आणि गावेच्या गावे जागी राहिली. दोन रात्रींच्या जागरणानंतर तांबारलेल्या डोळ्यांना अनोळखी माणूस चोरच दिसतो, हे राईनपाड्यानंतर तरी विसरता येणार नाही.

या संशयाला इतिहास आहे. रामोशी पिढ्यान्‌पिढ्या किल्ल्यांची आणि गावांची राखण करत. कंपनी सरकारच्या काळात त्यांची ती कामे गेली, वतने हिरावली गेली आणि त्यातूनच उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले. 1832 साली त्यांना फाशी झाली. 1871च्या कायद्याने तर कित्येक जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. त्यांची नावे सरकारी वहीत चढली, त्यांच्यावर हजेरीची सक्ती झाली. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला. चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जायचे, ही सवय मात्र राहिली. आजही काही गावे गस्त सुरू करताना बाहेरून आलेल्यांची यादी करायला निघतात.

वही हवीच, पण ती गस्त घालणाऱ्यांची. आज रात्री कोण चार जण, कोणत्या वाटेने, किती वाजता निघाले, कोणाला थांबवले, ठाण्याला फोन कधी केला, एवढे त्यात असले तरी पुरे. ज्याचे नाव लिहिलेले असते, त्याचा हात उचलण्याआधी थबकतो.

त्यासाठी नवा कायदा नको. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951च्या कलम 63-ब मध्ये ग्रामसुरक्षा दलाची तरतूद आहे. 1967च्या ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाचे पद ठरवून दिले आहे आणि 2024मध्ये त्याचे मानधन दरमहा 15 हजार रुपये करण्याचा निर्णय झाला. एका फोनवर साऱ्या गावाचे मोबाइल वाजवणारी ग्रामसुरक्षा यंत्रणाही पुणे, नाशिक, नगर भागांत वापरात आहे. तिचा उपयोग बिबट्या दिसल्यावरही होतो. तिच्यावरून निरोप कोणी द्यायचा हे ठरलेले असले, तर अफवेलाही आळा बसतो.

कायदा घरमालकाला निःशस्त्र ठेवत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे. रात्रीची घरफोडी आणि जबरी चोरी अशा ठरावीक प्रसंगी तो बराच लांब जातो. मात्र बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. डोळ्यांदेखत घरफोडीसारखा गंभीर गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूसही पकडू शकतो, पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. खांबाला बांधून हिशेब चुकता करणे या हक्कात बसत नाही. कुंपणात सोडलेली विजेची तारही बसत नाही. ती चोराला ओळखत नाही, आणि अशा तारेला चिकटून शेतकरी, मजूर, गुरे मेल्याच्या बातम्या दर हंगामात येतात.

बाकीचे उपाय साधे आहेत. मोटारीचा क्रमांक आणि पावतीचा फोटो जपून ठेवावा, म्हणजे सापडलेला माल आपला ठरवता येतो. सोने बँकेत ठेवावे. दाराशी सौर दिवा आणि कुत्रे असावे. तांब्याची तार बिनपावतीची विकत घेणाऱ्या भंगारवाल्याकडे ठाण्याने नियमित जावे; गिऱ्हाईक तुटले की केबल कापण्यात फायदा उरत नाही.

पुढच्या ग्रामसभेत वाचकांनी तीन प्रश्न विचारावेत. आपल्या गावात ग्रामसुरक्षा दल कागदावर आहे की प्रत्यक्षात? त्यात वस्त्यांवरची माणसे आहेत का? आणि गस्तीची वही कोणाकडे आहे? उत्तर मिळाले नाही, तर त्याच सभेत पोलीस पाटलांसमोर पहिली नावे लिहून घ्यावीत आणि त्यात स्वतःचेही घालावे.