विश्लेषण : प्रयोगशाळेतील बाटलीवरचा ‘३’ म्हणजे दिलासा की इशारा?

डायइथिल इथरच्या सुरक्षा माहितीपत्रकात ज्वलनशीलतेची ‘श्रेणी १’ दिलेली असते. चौरंगी चौकोनी चिन्हातील लाल घरात मात्र याच इथरसाठी ‘४’ असतो. द्रावक एकच, मग आकडे दोन का?

उलट्या दिशेच्या दोन शिड्या

संयुक्त राष्ट्रांच्या ‘जीएचएस’ पद्धतीत १ सर्वाधिक धोकादायक, ४ सर्वांत कमी. अमेरिकेतील ‘एनएफपीए ७०४’ पद्धतीत नेमके उलटे : ० म्हणजे न पेटणारे, ४ म्हणजे अतिज्वलनशील. ॲसिटोन पहिल्या पद्धतीत २, दुसरीत ३. पद्धत ठाऊक नसेल तर आकडा दिशाभूल करतो.

फ्लॅश पॉइंट म्हणजे काय?

ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेटण्याइतकी साचते, तो फ्लॅश पॉइंट. इथरचा सुमारे उणे ४५ अंश सेल्सियस, ॲसिटोनचा उणे २०, टोल्युइनचा ४, मिथेनॉलचा ११, तर झायलीनचा साधारण २७. म्हणूनच इथर घरगुती फ्रिजमध्ये ठेवणे घातक. तेथील थंडीतही वाफ साचते आणि आतल्या थर्मोस्टॅटची ठिणगी पुरेशी ठरते.

आपल्याकडे ‘श्रेणी ३’ची गफलत

जीएचएसमध्ये फ्लॅश पॉइंट २३ अंशांखाली असेल तर द्रव श्रेणी १ किंवा २ मध्ये जातो. उत्कलनबिंदू ३५ अंशांपर्यंत असेल तर १, त्याहून जास्त असेल तर २. फ्लॅश पॉइंट २३ ते ६० अंश असेल तर श्रेणी ३. थंड देशात या तिसऱ्या श्रेणीला थोडी सवलत मिळते. नागपुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेथे पंख्याखालच्या प्रयोगशाळेत झायलीन फ्लॅश पॉइंटच्या वरच असते. तेव्हा ‘तीनच आहे’ म्हणून निर्धास्त राहणे चूक.

श्रेणी सर्व काही सांगत नाही

कार्बन डायसल्फाइड आणि इथेनॉल दोन्ही श्रेणी २ मध्ये. पण कार्बन डायसल्फाइडची वाफ सुमारे ९० ते १०० अंशांना ठिणगीशिवाय पेटते. त्यासाठी वाफेचा तापलेला पाइपही पुरतो. इथेनॉलला त्यासाठी ३५० अंशांहून अधिक तापमान लागते.

मग करायचे काय?

मोठ्या कॅनमधून लहान बाटलीत द्रावक ओतला की छापील लेबल मागे राहते. नव्या बाटलीवर मार्करने फक्त नाव लिहिले जाते. महाविद्यालयांनी नावाखाली फ्लॅश पॉइंट अंशांत लिहिणे आणि भिंतीवर तापमापक लावणे सक्तीचे करावे. श्रेणी पाठ करण्यापेक्षा या दोन आकड्यांची तुलना सोपी आहे. प्रथम वर्षाचा विद्यार्थी आणि प्रयोगशाळा परिचर, दोघांनाही ती जमते. बाटलीवरचा आकडा भिंतीवरच्या आकड्यापेक्षा लहान असेल, तर बर्नर बंद.