मशीनची चावी कुणाच्या कनवटीला?

मशीन आलं की दोघेजण आपल्या वस्तीत भाषण ठोकायला येतात. पहिला साहेब. तो म्हणतो, जमाना बदललाय, शिका नाहीतर घरी बसा. दुसरा पुढारी. तो म्हणतो, मशीन हटाव, कामगार बचाव. टाळ्या दोघांनाही पडतात. पण च्यायला, ‘शिका’ म्हणणारा शाळा कुठंय ते सांगत नाही, आणि ‘हटाव’ म्हणणारा हटवल्यावर आपल्या हातात काय उरणार ते सांगत नाही. उरतो तोच जुना खराटा.

दोस्तांनो, मशीन जात पाळत नाही. मशीन शिकवणारा पाळतो. सगळी मेख इथं आहे.

मुंबईच्या गिरण्या आठवा. आपले आजे-पणजे तिथं होते, पण कुठं? रिंगखात्यात. जास्त पगाराच्या साळखात्यात त्यांना पाय ठेवायची बंदी. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. ज्या धोट्याला महाराचं तोंड लागलं त्याला मराठ्याचं तोंड कसं लागणार? लाल बावट्याखाली खांद्याला खांदा लावणारे कामगार थुंकीपाशी येऊन अडले.

आता गंमत बघा. तोंड न लावता सूत ओवता येईल असा धोटा तेव्हा जगात निघाला होता. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने ओढायच्या धोट्यावर १९११ सालीच बंदी घातली. म्हणजे इलाज होता. यंत्राने तो आणून ठेवला होता. पण मुंबईत इलाज कुणाला हवा होता? मालकाला स्वस्तातला जुना धोटा पुरत होता, सवर्ण कामगाराला त्या जुन्या धोट्यामुळे साळखातं राखून मिळत होतं. दोघांचं आतून जमलं होतं.

१९२८ च्या संपात बाबासाहेबांनी संपपुढाऱ्यांना बजावलं, साळखातं अस्पृश्यांना खुलं करा ही मागणी घ्या, नाहीतर आमची माणसं तुमच्या मागे नाहीत. पुढाऱ्यांनी नाइलाजाने मागणी घेतली. मालकांनी हात झटकले, हा अन्याय आमचा नव्हे. आणि त्यात अर्धं खरंही होतं! कारण गिरणीत विणकामाची शाळा नव्हती. जॉबर आपल्या नात्यागोत्यातली, गावातली पोरं भरायचा. पोरगं चुलत्याच्या साच्याशी उभं राहायचं, बघता बघता हात बसायचा. साचा हीच शाळा, आणि शाळेच्या दारात जात उभी. कायद्याने नव्हे, चुलत्याने बंदी घातली होती.

म्हणून कुणी ‘अनुभवाने शिका’ म्हटलं की मला हसू येतं. अनुभव घ्यायला आधी साच्याशी उभं राहू द्यावं लागतं ना!

तरी बाबासाहेबांनी मशीनला शिव्या घातल्या नाहीत. गांधीवादाने यंत्राला राक्षस ठरवलं तेव्हा १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी सरळ मांडलं की यंत्र माणसाला फुरसत देतं, आणि फुरसतीशिवाय माणूस जनावराच्या वर येत नाही. दोष यंत्रात नाही, यंत्राचा फायदा मूठभरांच्या खिशात घालणाऱ्या समाजरचनेत आहे. बैलाच्या जागी ज्याला जुंपलं त्यालाच हे कळणार. चरख्याचं कौतुक पोट भरलेल्यांना.

पुढे काय झालं? १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. धैर्य अफाट. पण कापड कधीचंच भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकायला लागलं होतं. तिथं ना युनियन, ना आठ तासांचा दिवस. संघटना गिरणीच्या गेटवर घोषणा देत राहिली आणि काम मागच्या दाराने निघून गेलं. मालक शिकला, संघटना शिकली नाही. साळखात्याचं दार आपल्याला किलकिलं होतंय तोवर गिरणीचंच दार बंद. आज त्या जागेवर मॉल आहेत, आणि मॉलच्या संडासात पुन्हा आपलीच माणसं.

आता गटाराकडे या. माणसाला असं धोक्याच्या गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सुप्रीम कोर्टाने २०१४ साली गटारातल्या मृत्यूला दहा लाख भरपाई ठरवली, २०२३ साली ती तीस लाख केली. मढ्याचा भाव वाढला, मरण थांबलं नाही. जेटिंग मशीन आहे, सक्शन मशीन आहे. तिरुवनंतपुरममध्ये २०१८ साली ‘बॅंडिकूट’ नावाचा यंत्रमानव मॅनहोलमध्ये उतरला आणि तो चालवायला सफाई कामगारांनाच शिकवलं गेलं. म्हणजे होतं, मनात आणलं तर होतं! पण नागपूर, चंदिगडला सफाई कामगाराच्या मनगटावर काय आलं? जीपीएसचं घड्याळ. तो कुठे थांबला, किती वेळ थांबला, साहेबाला खुर्चीतून दिसावं म्हणून. पाळत ठेवणारं मशीन कसं पटकन पोचतं बघा. जीव वाचवणारं टेंडरात अडकतं.

कुणी विचारेल, आपल्या पोरांनी गटाराचं मशीन शिकायचं म्हणजे पुन्हा गटारातच राहायचं का? प्रश्न रास्त आहे. मी म्हणतो, पंप शिका, हायड्रॉलिक शिका, वायरिंग शिका आणि त्याचा सरकारी दाखला घ्या. तो दाखला गटाराबाहेरच्या कारखान्यातही चालला पाहिजे. न चालणारा दाखला म्हणजे नव्या कागदावर जुनीच जात.

आणि एक लक्षात ठेवा. काम घाणीचं असतं तोवर त्याला कुणी गुणवत्ता विचारत नाही. मशीन आलं, हातात रिमोट आला, पगार वाढला की एकदम ‘क्वालिफाइड’ माणूस लागतो. ज्याला कुठल्या चेंबरमध्ये गॅस साठतो हे नाकाने कळतं, ज्याच्या डोक्यात अख्ख्या शहराचा नकाशा आहे, त्याला विचारून इंजिनिअर नकाशा काढतो आणि मग त्यालाच अडाणी म्हणून बाहेर काढतो. साळखात्याची ही दुसरी आवृत्ती आहे.

म्हणून मागणी मशीन हटवण्याची नको, मशीन ताब्यात घेण्याची हवी. एक, मशीन येण्याआधी कामगाराला शिकवा, कामाच्या वेळेत, भर पगारी. दोन, आज जो कामावर आहे, मग तो कंत्राटी का असेना, मशीनवर पहिला हक्क त्याचा. तीन, मशीन कंत्राटदाराचं नको, पालिकेचं किंवा कामगारांच्या सोसायटीचं हवं.

आणि आपल्या चळवळीचं काय? जयंतीला डीजे लावायला आपण चटकन शिकलो. टेंडर वाचायला कधी शिकणार? वस्तीतल्या एका तरी पोराने पालिकेचं कंत्राट समोर घेऊन बसावं, ओळ न् ओळ वाचावी, आणि रात्री चौकात सगळ्यांना समजावून सांगावी. साहेब ‘शिका’ म्हणतो ते मुकाट राबण्यासाठी. बाबासाहेबांच्या ‘शिका’नंतर संघटित व्हा आणि संघर्ष करा होतं.

चावी कनवटीला बांधून बसलेला आपणहून सोडणार नाही. ती ओढून घ्यावी लागेल.