कौल गोव्याचा, कोंडी ब्रिटनची

एखाद्या मोठ्या प्रश्नाचा निर्णय थेट लोकांनी घ्यावा की त्यांच्या प्रतिनिधींनी, हा लोकशाहीतला जुना वाद आहे. निवडणूक केव्हा व्हावी आणि ती कोणी ठरवावी, हा दुसरा वाद त्याचाच सख्खा भाऊ म्हणता येईल. लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुका एकाच वेळी घेण्यासाठी 2024 च्या डिसेंबरात घटनादुरुस्ती विधेयक मांडले गेले, तेव्हापासून आपल्याकडे या दुसऱ्या वादाला पुन्हा तोंड फुटले आहे. त्यात खर्चाचा आणि आचारसंहितेमुळे रखडणाऱ्या कामांचा हिशेब पुष्कळ होतो. पण मुदतीच्या मध्येच सभागृहाची कोंडी झाली तर ती फुटावी कशी, या प्रश्नाकडे मात्र द्यावे तितके लक्ष दिले जात नाही. त्यासाठी दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. एक ब्रिटनचे, 2016 ते 2019 या काळातले. दुसरे आपल्या शेजारचे, गोव्याचे, 1963 ते 1967 या काळातले. पहिल्याची चर्चा जगभर झाली. दुसऱ्याचे स्मरण महाराष्ट्रात फारसे केले जात नाही. कदाचित त्या सामन्यात महाराष्ट्राची बाजू हरली होती म्हणून असेल.

सभागृहाला काय नको?

23 जून 2016 रोजी ब्रिटिश मतदारांना विचारण्यात आले की, युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे? 51.9 टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. सुमारे 12 लाख 69 हजार मतांचा फरक होता. संघात राहण्याचा पुरस्कार करणारे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन पायउतार झाले आणि श्रीमती थेरेसा मे त्या जागी आल्या. वास्तविक येथे विषय संपायला हवा होता. पण तो येथूनच सुरू झाला. कारण बाहेर पडणे म्हणजे नेमके काय, हे मतपत्रिकेने सांगितलेच नव्हते. राजकीय बंधन तोडून युरोपच्या बाजारपेठेत राहायचे, जकातसंघातूनही निघायचे, की कोणताच करार न करता चालते व्हायचे? आयर्लंड बेटावरच्या सीमेवर पुन्हा तपासणी नाकी उभी राहणार की नाहीत? एका शब्दाच्या पोटात तीन-चार परस्परविरोधी धोरणे दडलेली होती.

आपले बहुमत भक्कम करावे या हेतूने श्रीमती मे यांनी जून 2017 मध्ये मुदतपूर्व निवडणूक घेतली आणि होते तेही बहुमत गमावले. 650 पैकी 317 जागा आणि उत्तर आयर्लंडमधील एका लहान पक्षाच्या दहा सदस्यांचा टेकू, अशा बळावर त्यांनी युरोपशी करार केला. तो 15 जानेवारी 2019 रोजी 432 विरुद्ध 202 मतांनी फेटाळला गेला. मार्चमध्ये तो आणखी दोनदा पडला. अखेर 27 मार्चला सभागृहाने आठ निरनिराळे पर्याय मतास टाकले. आठही नामंजूर झाले. 1 एप्रिलला त्यांतून निवडलेले चार टाकले. तेही नामंजूर झाले. काय नको हे सभागृहाला पक्के ठाऊक होते. काय हवे ते ठरत नव्हते.

बहुमत नावाचे कोडे

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचे फार नवल वाटू नये. पर्याय दोन असतील तर बहुमत शोधणे सोपे असते. तीन झाले की ते हाती लागेलच याची खात्री नाही, हे अठराव्या शतकात कोंडोर्से या फ्रेंच विचारवंताने दाखवून दिले होते. केनेथ अ‍ॅरो यांनी 1951 मध्ये याच विचाराला गणिती सिद्धांताचे रूप दिले. उपनगरातल्या कोणत्याही जुन्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत या सिद्धांताचा पडताळा घेता येतो. समजा, सभासदांचे तीन समान गट आहेत. पहिल्याला इमारतीचा पुनर्विकास हवा, न जमल्यास मोठी दुरुस्ती. आहे तशी इमारत मुळीच नको. दुसऱ्याला दुरुस्ती हवी, ती नसेल तर आहे तसेच बरे, पुनर्विकास नको. तिसऱ्याला पदरचा पैसा घालायचा नाही, म्हणून आहे तसेच बरे; पण काही करायचेच तर बिल्डरच्या पैशाने पुनर्विकास व्हावा, वर्गणी काढून दुरुस्ती नको. आता दोन-दोन पर्याय मतास टाका. दुरुस्तीला पुनर्विकास हरवतो, पुनर्विकासाला 'आहे तसे' हरवते आणि 'आहे तसे'ला दुरुस्ती हरवते. प्रत्येक ठराव दोन-तृतीयांश मतांनी मंजूर, आणि निर्णय मात्र नाही! अशा सभेत अखेरचा शब्द बहुमताचा नसतो. कोणता प्रश्न आधी मतास टाकायचा हे ठरवणाऱ्याचा असतो.

ब्रिटिश पार्लमेंटात याच्या जोडीला डावपेचही होते. ज्यांना संघात राहायचे होते त्यांनी करार पाडला. तो पडला तर फेरसार्वमत होईल ही त्यांची आशा. ज्यांना कराराविना निघायचे होते त्यांनीही तोच करार पाडला. तो पडला तर मुदत संपून आपोआप बाहेर पडू हा त्यांचा हिशेब. दोन विरुद्ध टोके एकाच दालनात जाऊन मत देत होती.

तारीख हेच शस्त्र

जुलै 2019 मध्ये बोरिस जॉन्सन पंतप्रधान झाले. त्यांनी पार्लमेंटचे सत्र पाच आठवडे तहकूब करवले. ती तहकुबी बेकायदा असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायमूर्तींनी 24 सप्टेंबरला एकमताने दिला. स्वपक्षाच्या 21 बंडखोर खासदारांना त्यांनी पक्षाबाहेर काढले. निवडणूक घ्यावी म्हणून ते सभागृहाला विनवत होते आणि एरवी निवडणुकीसाठी आसुसलेला विरोधी पक्ष ती नाकारत होता. कारण 2011 च्या कायद्याने सभागृहाची मुदत पाच वर्षे निश्चित केली होती आणि मुदतीआधी निवडणूक घेण्यासाठी एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश, म्हणजे 434 मते लागत. पंतप्रधान निवडणुकीची तारीख लांबवतील आणि तोवर देश कराराविना बाहेर पडेल, ही विरोधकांची भीती होती. तीन वेळा ठराव पडला. अखेर साध्या बहुमताचा वेगळा कायदा करून 12 डिसेंबर 2019 ला निवडणूक झाली. जॉन्सन यांच्या पक्षाला 43.6 टक्के मते आणि 365 जागा मिळाल्या आणि 31 जानेवारी 2020 रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडले. ज्या निश्चित मुदतीच्या कायद्याने स्थैर्य यायचे होते त्यानेच कोंडी आवळली. तो कायदा 2022 मध्ये रद्द झाला.

गोव्याने काय केले?

आता गोव्याकडे वळू. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि डिसेंबर 1963 मध्ये तेथे पहिली निवडणूक झाली. गोव्यातील 28 जागांपैकी 16 जागा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष व त्याचे मित्र यांना मिळाल्या, 12 युनायटेड गोवन्स पक्षाला. महाराष्ट्रात विलीनीकरण हीच मगो पक्षाची प्रमुख घोषणा होती. श्री. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि 1965 मध्ये विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव संमत केला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने त्याला दुजोरा दिला. म्हैसूरच्या विधिमंडळाने त्याविरुद्ध ठराव केला. महाराष्ट्राच्या दृष्टीने विषय संपला होता: निवडणूक जिंकली, ठराव झाला, आता विलीनीकरण व्हावे.

विरोधी नेते डॉ. जॅक द सिक्वेरा यांचा आक्षेप असा की, विधानसभेतील जागांचे बहुमत म्हणजे या एका प्रश्नावरील लोकांचे बहुमत नव्हे. लोकांनी बांदोडकरांना मत दिले त्यात कुळांचा प्रश्न होता, बहुजनसमाजाच्या मानाचा प्रश्न होता. त्या सर्वांची बेरीज करून विलीनीकरणाच्या खात्यावर जमा करता येणार नाही. केंद्राने हा आक्षेप मानला. 1966 च्या डिसेंबरात संसदेने जनमतकौलाचा कायदा केला. कौल निःपक्षपाती वातावरणात व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. यशवंतराव चव्हाण तेव्हा केंद्रात होते, वसंतराव नाईक महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. विलीनीकरणवाद्यांच्या पाठीशी बळ थोडे नव्हते. प्रचाराची रणधुमाळी मराठीतूनही झाली: 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने, 'राष्ट्रमत' विरोधात, आणि दोन्ही दैनिके मराठी! भाषा एक असली की राज्यही एक असावे, हे गृहीत खुद्द मराठी वाचकांपुढे मराठीतूनच तपासले गेले.

16 जानेवारी 1967 ला कौल झाला. मतपत्रिकेवर विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. 3 लाख 17 हजार 633 लोकांनी मतदान केले. दोन पानांना 1,72,191 आणि फुलाला 1,38,170 मते मिळाली. फरक 34,021 मतांचा. विलीनीकरण फेटाळले गेले. त्यानंतर दहा आठवड्यांनी, 28 मार्चला, विधानसभेची निवडणूक झाली आणि मगो पक्ष 16 जागा मिळवून पुन्हा सत्तेवर आला. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि ज्या प्रदेशाचे स्वतंत्र अस्तित्व संपवावे म्हणून त्यांनी पक्ष काढला होता, त्याचाच कारभार त्यांनी 1973 मध्ये निधन होईपर्यंत केला.

एकच आकडा, दोन निकाल

येथे एक आकडा लक्षात घेण्याजोगा आहे. गोव्यात विलीनीकरणाला, बाद मते धरून झालेल्या एकूण मतदानाच्या, 43.5 टक्के मते मिळाली आणि ते हरले. ब्रिटनमध्ये जॉन्सन यांच्या पक्षाला 43.6 टक्के मते मिळाली आणि त्यांचे धोरण जिंकले. लोकमताचे वजन जवळजवळ सारखे, तराजू निराळे. सार्वत्रिक निवडणूक सरकार निवडण्याचे साधन आहे. बहुरंगी लढतीत अल्पमताला जागांचे बहुमत देणे हा तिचा गुण मानला जातो, कारण त्यातून सरकार उभे राहते. पण तोच गुण एखाद्या मूलभूत प्रश्नाचा निवाडा करताना दोष ठरतो. गोव्याने प्रश्न आणि सरकार यांचे दोन वेगळे हिशेब मांडले, म्हणून एकात हरलेला दुसऱ्यात जिंकू शकला आणि हरल्याचे शल्य सुसह्य झाले. ब्रिटनमध्ये आधी प्रश्न अर्धवट विचारला गेला आणि मग त्याचे उत्तर सरकार निवडण्याच्या साधनाकडून काढून घेण्यात आले.

गोव्याचा कौल सर्वस्वी निर्दोष होता असे नव्हे. संपूर्ण राज्याचा दर्जा हा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. त्यासाठी 30 मे 1987 पर्यंत वीस वर्षे थांबावे लागले. मुंबईत पोटापाण्यासाठी आलेल्या हजारो गोवेकरांना मताचा अधिकार नव्हता, जसा ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे राहणाऱ्या बहुसंख्य युरोपीय नागरिकांना 2016 मध्ये नव्हता. प्रश्न ठरवणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते ते येथेही दिसते. तथापि जे दोन पर्याय ठेवले होते ते दोन्ही स्पष्ट होते. कोणता निवडला तर दुसऱ्या दिवशी काय होणार, हे मतदाराला ठाऊक होते.

हरणाऱ्याने मान्य करावा असा निर्णय

याच महिन्यांत मराठी माणसाचा दुसरा एक प्रश्न निराळ्या मार्गाने सोडवला जात होता. ऑक्टोबर 1966 मध्ये बेळगावच्या सीमाप्रश्नासाठी न्या. मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. 1967 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या अहवालाने बेळगाव शहर म्हैसूरकडे ठेवले आणि महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. 2004 मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. दोन्ही प्रश्नांत महाराष्ट्राच्या पदरी निराशाच आली. पण गोव्याचा निर्णय त्याने पचवला, बेळगावचा पचवला नाही. गोव्यात लोकांना विचारले गेले होते; सीमाभागात लोकेच्छा हा निकष धरावा ही महाराष्ट्राची मागणी मान्य झाली नव्हती. निर्णय कोणाच्या बाजूने लागला यापेक्षा तो कोणत्या रीतीने लागला, यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते.

आता पुन्हा एकत्र निवडणुकांच्या विधेयकाकडे येऊ. मुदतीआधी सभागृह विसर्जित झाले तर नवे सभागृह केवळ उरलेल्या काळापुरते असेल, अशी त्यात तरतूद आहे. वर्ष-दीड वर्षासाठी निवडणूक लढवायला कोणता पक्ष उत्सुक असेल? त्यापेक्षा समोरच्या बाकावरचे सदस्य फोडणे स्वस्त पडेल, असा हिशेब करणारे निघणारच. 2019 च्या ऑक्टोबरातील निवडणुकीनंतर महाराष्ट्रात सरकार बनेना आणि 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली, तेव्हापासूनचे राजकारण पाहिलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. कोंडी झालेल्या सभागृहाला पुन्हा पूर्ण मुदतीचा कौल मागता येणे ही लोकशाहीची वाफ निघून जाण्याची वाट आहे. ती अरुंद करून स्थैर्य विकत घेऊ पाहणाऱ्या ब्रिटनने आपला कायदा अकरा वर्षांत मोडीत काढला.

आपल्या संसदेने हा अनुभव विचारात घ्यावा. निवडणुकीची तारीख सत्ताधाऱ्यांच्या सोयीची नसावी हे योग्यच. पण ती इतकी जखडलेलीही नसावी की लोकांना विचारण्यापेक्षा आमदार-खासदारांची फोडाफोड करणे सोपे व्हावे. आणि ज्या प्रश्नांनी पिढ्यांचे भवितव्य बदलते, ते प्रश्न पक्षांच्या जाहीरनाम्यात इतर पन्नास आश्वासनांबरोबर गुंडाळून मतदाराच्या हाती देऊ नयेत. 1967 साली गोव्यातल्या मतदाराने फूल की पाने हे एका दिवशी ठरवले आणि मुख्यमंत्री कोण हे दुसऱ्या दिवशी. दोन्ही वेळा त्याला प्रश्न नीट कळला होता.