चाचणी मुलाची, हिशेब कोणाचा?



आपल्या मुलांच्या शाळांतून अलीकडे इतक्या तऱ्हेच्या चाचण्या होऊ लागल्या आहेत की कोणती कशासाठी, हे रात्रपाळी करून घरी येणाऱ्या बापाला उमगेनासे झाले आहे. कोणी आम्हांस विचारतो, पायाभूत चाचणीत मुलीला कमी पडले, आता तिचे वर्ष जाणार काय? कोणी सांगतो, शाळेत दिल्लीची परीक्षा झाली, पण निकाल हाती दिलाच नाही. हा पालकांचा अडाणीपणा नव्हे. समजावून सांगणे ज्यांचे काम होते त्यांनी ते केले नाही, एवढेच.

ती 'दिल्लीची परीक्षा' म्हणजे राष्ट्रीय सर्वेक्षण. २०१७ आणि २०२१ साली ते झाले आणि ४ डिसेंबर २०२४ रोजी 'परख' या नावाने तिसरी, सहावी व नववीच्या मुलांचे झाले. देशभरातील सुमारे ७४ हजार शाळा आणि २१ लाखांवर मुले त्यात होती. पोत्यातले मूठभर धान्य काढून पाहावे तसा हा प्रकार. यात तुमच्या मुलाला गुण मिळत नाहीत, जिल्ह्याला व राज्याला मिळतात. तेव्हा निकाल मागायचा तो जिल्ह्याचा.

महाराष्ट्रात २०२३-२४ पासून सरकारी व अनुदानित शाळांत सुरू झालेल्या पायाभूत आणि संकलित चाचण्या निराळ्या. प्रश्नपत्रिका पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून येतात. योजनेमागे जागतिक बँकेचे कर्ज आहे. (कर्जाबरोबर तक्ते भरणे आलेच, हे आपल्याला नवे नाही.) पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेचे काय पक्के आहे ते पाहते. तीत कमी गुण पडले म्हणून मुलाला कानशिलात देणे म्हणजे डॉक्टरने ताप मोजला म्हणून रोग्याला झोडपण्यासारखे. कुठून शिकवायला घ्यायचे, ते गुरुजींना कळावे यासाठी ती आहे.

वर्ष जाऊ शकते ते पाचवीत आणि आठवीत. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवू देत नव्हता. २०१९ च्या दुरुस्तीने या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आली. त्यात नापास झालेल्या मुलाला जादा शिकवणी द्यायची, निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घ्यायची, आणि त्यातही तो राहिला तर त्याच वर्गात ठेवायचे की नाही, हे ज्या त्या सरकारने ठरवायचे. महाराष्ट्राने २०२३-२४ पासून ही परीक्षा लागू केली. केंद्रीय विद्यालयांसाठी केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये नियम काढला. तमिळनाडूने मागे न ठेवण्याचे धोरण कायम ठेवले. कर्नाटकात अशा परीक्षांचे प्रकरण २०२४ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल रोखले गेले. मात्र नापास झाला तरी आठवी पुरी होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही.

आपल्यासारख्या बदलीच्या लोकांनी हे नीट ध्यानात ठेवावे. भुसावळहून सुरतेला किंवा सोलापूरहून हुबळीला बदली झाली की मुलाचे नियमही बदलतात. अशा वेळी कायद्याचे कलम ५ उपयोगी पडते. दाखला ताबडतोब देणे मुख्याध्यापकावर बंधनकारक आहे, आणि दाखला यायला उशीर झाला या सबबीवर सरकारी वा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. मोजमाप झाले की जबाबदारीचा प्रश्न येतो, आणि ती बहुधा सर्वांत खालच्या माणसावर येऊन पडते. आपण हे रोज भोगतो. गाडी उशिरा आली की आधी चालकाला विचारणा होते. मार्गावर गती-निर्बंध किती होते, हे मागाहून. टपाल रखडले की पोस्टमनला मेमो. त्याच्या बीटवर घरे किती वाढली आणि जागा किती रिकाम्या राहिल्या, हे कोणी मोजत नाही. शाळांचेही तसेच. गुजरातेत २००९ पासून 'गुणोत्सव' सुरू झाला. मंत्री आणि अधिकारी शाळेत जाऊन मुलांना वाचायला लावत व शाळेला श्रेणी देत. साहेब शाळेपर्यंत गेले हे चांगलेच, पण शाळेला कमी श्रेणी मिळाली तर त्या साहेबांच्या खात्याला कोणती श्रेणी द्यायची?

निकाल पाहून पैसा देण्याची पद्धत इंग्रजांनी मुंबई इलाख्यात चालवून पाहिली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले यांनी स्पष्ट सांगितले की गरीब आणि अशिक्षित वर्गात शिक्षण पसरवायला ही पद्धत मुळीच योग्य नाही. शिक्षणाची गोडीच जिथे लागलेली नाही तिथे कोणता मास्तर स्वतःच्या जोखमीवर शाळा काढील, हा त्यांचा सवाल होता.

आम्ही चाचणीच्या विरुद्ध नाही. पाचवीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नसेल तर ते कळलेच पाहिजे, आणि जो शिक्षक वर्गावर जातच नाही त्याची पाठराखण आम्ही करणार नाही. पण कायद्याने प्राथमिकला साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला जुंपायचे नाही, असेही कलम २७ म्हणते. गुणांच्या तक्त्याशेजारी हे दोन हिशेबही लागले पाहिजेत.

ते मागण्याची जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. तीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. अनुदानित शाळेत तिला फक्त सल्ल्याचा अधिकार आहे, तरी विचारायला कोणाची आडकाठी नाही. तिथे किती टक्के पडले एवढेच विचारून परत येऊ नका. पेपर पाहायला मागा. मूल कुठे अडले, वजाबाकीत हातचा घेताना की उतारा समजताना, हे विचारा. जादा शिकवणी कोणत्या दिवशी, कोण घेणार, आणि शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, हे लिहून घ्या. गुरुजींशी बोलताना तेही पगारदार कामगार आहेत हे विसरू नका. रिकाम्या जागांच्या बाबतीत ते आपल्याच बाजूचे निघतील.

सभा बहुधा ड्यूटीच्या वेळीच ठेवतात. शाखा सचिवांनी वसाहतीजवळच्या शाळांकडून सभांच्या तारखा आगाऊ घेऊन नोटीस बोर्डावर लावाव्यात आणि सभासदांनी आपसांत पाळ्या बदलून घ्याव्यात. घरच्या बाईंनाही समितीत उभे करा. आपल्यापेक्षा त्यांना शाळेचे जास्त ठाऊक असते.