होडी वेळेवर आली असती तर...

आठ मार्चला आमच्या गावात महिला दिनाचा कार्यक्रम झाला. दरवर्षी होतो तसाच. गुलाबाचं फूल, पाककृती स्पर्धेची बक्षिसं, संगीत खुर्ची, आणि शेवटी पाहुण्यांचं भाषण. पाहुण्या बाईंनी एका दमात आठ-दहा कर्तबगार स्त्रियांची नावं घेतली. त्यात आरती साहाचंही नाव आलं. "मनात जिद्द असली ना भगिनींनो, की इंग्लिश खाडीसुद्धा पार होते!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू?

परतताना समोरच्या वहिनी सोबत होत्या. वाटेत त्या अगदी सहज म्हणाल्या, "आमच्या पोरीतच जिद्द नाही बघा. एवढं छान पोहायची. सोडून दिलं."

त्यांची लेक आठवीत आहे. गेल्या वर्षीपर्यंत ती सकाळच्या लहान मुलांच्या बॅचला तलावावर जायची. बारा वर्षं पूर्ण झाली आणि ती 'लेडीज बॅच'मध्ये गेली. आमच्याकडच्या तलावावर लेडीज बॅचची वेळ आहे सकाळी अकरा ते बारा. त्या वेळेला पोर शाळेत असते. आई डबे, धुणं, भाकऱ्या उरकत असते. नोकरीवालीचं तर नावच घ्यायला नको. मग त्या बॅचला जातं कोण? कोणीच नाही. आणि बॅच रिकामी असते म्हणून सगळे म्हणतात, आपल्याकडच्या बायकांना हौसच नाही हो!

वहिनींचं ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण आरती साहाची गोष्ट मला थोडी वेगळी ठाऊक आहे. भाषणात जी येते ती शेवटाकडची. त्याच्या महिनाभर आधी काय झालं, ते कोणी सांगत नाही.

आरती कलकत्त्याची. जन्म २४ सप्टेंबर १९४०. अडीच वर्षांची असताना आई गेली, आजीने वाढवली. घर साधंच होतं. काकांबरोबर ती चांपातला घाटावर आंघोळीला जायची, तिथेच हातपाय मारायला लागली. बंगालात घाट आणि पुकुर, म्हणजे तळी, पावलोपावली. आपल्याकडे विहिरीत शिकतात तसं तिकडे तळ्यात. पोरीला पाण्याचं वेड आहे हे वडिलांच्या, पांचूगोपाल साहांच्या, लक्षात आलं आणि त्यांनी तिला हातखोला स्विमिंग क्लबमध्ये घातलं. मला इथे थांबावंसं वाटतं. चाळीसच्या दशकात, आई नसलेल्या मुलीचा बाप तिला क्लबात पोहायला पाठवतो! पाच वर्षांची असताना तिने ११० यार्डांची शर्यत जिंकली. १९४८ साली मुंबईच्या राष्ट्रीय स्पर्धेत दोन रौप्य आणि एक कांस्य. १९५१ मध्ये तिने मुंबईच्या डॉली नझीरचा विक्रम मोडला, आणि पुढच्याच वर्षी त्या दोघी मिळून हेलसिंकी ऑलिंपिकला गेल्या. आरती तेव्हा बारा वर्षांचीही नव्हती. भारताच्या चमूत सगळ्यांत लहान.

पदक वगैरे काही मिळालं नाही. दोनशे मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये ती प्राथमिक फेरीतच बाहेर पडली. परत आल्यावर तर शंभर मीटर फ्रीस्टाइलमध्ये सख्ख्या बहिणीने, भारतीने, तिला हरवलं. मग आरतीने फ्रीस्टाइल सोडून ब्रेस्टस्ट्रोकच धरला. आपल्या घरांत असं झालं असतं तर दोघींपैकी एकीला घरी बसवलं असतं, नाही का?

आता खाडीकडे येते. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधला समुद्र सगळ्यांत अरुंद जागी चौतीसेक किलोमीटरचा. ऐकायला फार वाटत नाही. पण पाणी भर उन्हाळ्यातसुद्धा पंधरा-अठरा अंशांच्या पुढे जात नाही. अंगाला ग्रीस चोपडायचं आणि उतरायचं. सोबत होडी असते, ती दिशा दाखवते, खाणंपिणं लांबून देते. पण होडीला किंवा होडीतल्या माणसाला हात लावायचा नाही. लावला की संपलं.

१९५८ मध्ये तिथे बटलिन नावाच्या उद्योजकाने भरवलेली शर्यत झाली. त्यात ढाक्याकडचा ब्रोजेन दास पोहून गेला आणि खाडी ओलांडणारा पहिला आशियाई ठरला. शर्यत जिंकली मात्र एका बाईने. डेन्मार्कमध्ये जन्मलेली ग्रेटा अँडरसन, अकरा तास एक मिनिट, बायका आणि पुरुष सगळ्यांत पहिली. आरतीने ब्रोजेन दासचं अभिनंदन केलं, आणि त्याने पुढच्या वर्षीसाठी आयोजकांना आरतीचंच नाव सुचवलं. हा माणूस मला फार आवडतो. स्वतः पोहून आला आणि मागे वळून दुसऱ्या कोणाला तरी बोलावलं.

नाव सुचवलं, पण पैसे? विलायतेला जायचं, तिथे राहायचं, होडी ठरवायची. हातखोला क्लबचे डॉ. अरुण गुप्ता पुढे झाले. आरतीच्या पोहण्याची प्रात्यक्षिकं लावून त्यांनी निधी जमवला. तरी कमी पडला. मग मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांच्यापर्यंत गोष्ट नेली आणि त्यांनी ११ हजार रुपये मंजूर केले. १९५९ चे अकरा हजार, लक्षात घ्या. इकडे तिचा सराव चालूच होता. देशबंधू पार्कच्या तळ्यात आठ तास, वेलिंग्टन स्क्वेअरच्या टाकीत सलग सोळा तास. सोळा तास, मैत्रिणींनो! आपण सकाळी सहाला चहाचं आधण ठेवतो तेव्हापासून रात्री दहाला दूध विरजेपर्यंत.

शर्यतीचा दिवस ठरला २७ ऑगस्ट. मध्यरात्र उलटल्यावर फ्रान्सच्या केप ग्री-ने या टोकावरून सगळ्यांनी पाण्यात उतरायचं. अठ्ठावन्न पोहणारे, त्यात पाच बायका. बाकीचे गेले. आरती किनाऱ्यावरच उभी. कारण तिची होडी आली नव्हती.

चाळीस मिनिटं ती थांबली.

कोकणातल्या मैत्रिणींना चाळीस मिनिटांचा अर्थ सांगायला नको. भरती लागायच्या आत तरीतून पलीकडे गेलं तर ठीक, नाहीतर बसा खाडीकाठी. तिथलाही प्रवाह दर सहा तासांनी उलटतो. सुरुवातीला चुकलेली चाळीस मिनिटं शेवटी चाळीसच राहत नाहीत. आरती रात्रभर पोहली, उजाडलं, तरी पोहतच होती. इंग्लंडचा किनारा पाच मैलांच्या आत आला आणि नेमका तिथे उलटा प्रवाह तिच्या अंगावर आला. तासन्‌तास हात मारूनही मैल-दोन मैलांपलीकडे सरकता येईना. शेवटी होडीच्या पायलटने तिला बाहेर यायला लावलं.

आता सांगा, त्या दिवशी जिद्द कोणाची कमी पडली?

तिचीच काय, खाडी ओलांडणारी जगातली पहिली बाई गर्ट्रूड एडर्ली, तिची गोष्टही अशीच. न्यूयॉर्कच्या एका खाटकाची मुलगी. लहानपणी गोवर झाला त्यात ऐकायला कमी येऊ लागलं. १९२५ मध्ये ती पहिल्यांदा उतरली तेव्हा प्रशिक्षकाला वाटलं ही आता बुडते, त्याने दुसऱ्या पोहणाऱ्याला सांगून तिला धरायला लावलं. हात लागला, प्रयत्न बाद. ती जन्मभर सांगत राहिली की मी बुडत नव्हते, जरा विसावले होते. पुढच्या वर्षी तिने प्रशिक्षक बदलला. होडीत या वेळी वडील होते, बहीण होती. मी सांगितल्याशिवाय मला कोणी हात लावायचा नाही, अशी बजावणी होती. ६ ऑगस्ट १९२६ रोजी ती साडेचौदा तासांत पार झाली. तिच्या आधी पाच पुरुष पार झाले होते, त्यांच्यातल्या सगळ्यांत वेगवान माणसापेक्षा जवळजवळ दोन तास कमी! पोरगी तीच, समुद्र तोच. बदलली होती होडीतली माणसं.

आरतीही महिनाभराने परत उतरली. २९ सप्टेंबर १९५९. पाचच दिवसांपूर्वी तिला एकोणीस पूर्ण झाली होती. या खेपेला होडी होती. सोळा तास वीस मिनिटं ती पोहली आणि इंग्लंडच्या सँडगेटला बाहेर पडली. प्रवाहांमुळे आडवंतिडवं जावं लागतं, ते धरून बेचाळीस मैल. किनाऱ्यावर तिने तिरंगा लावला. खाडी पार करणारी आशियातली पहिली स्त्री. १९६० मध्ये पद्मश्री मिळाली, भारतातल्या महिला खेळाडूला मिळालेली पहिली. डॉ. गुप्तांशीच तिचं लग्न झालं, मुलगी झाली, रेल्वेत नोकरी केली. १९९४ साली कावीळ आणि मेंदूज्वराने ती गेली, अवघी त्रेपन्न वर्षांची. १९९९ मध्ये टपाल खात्याने तिचं तिकीट काढलं.

कोणी म्हणेल, पण सोळा तास ती एकटीच पोहली ना? होडीने थोडंच ढकललं? अगदी खरं. त्या पाण्यात दुसरं कोणी हात मारू शकत नाही. जिद्द हवीच, आणि ती आरतीकडे २९ सप्टेंबरला जेवढी होती तेवढीच २७ ऑगस्टलाही होती. माझं म्हणणं एवढंच की आपण भाषणात फक्त जिद्द सांगतो. क्लब, अकरा हजार, घाटावर नेणारा काका, नाव सुचवणारा ब्रोजेन दास, वेळेवर न आलेली होडी, हे सगळं गाळून टाकतो. मग ऐकणाऱ्या पोरीला वाटतं, जमलं नाही ते माझ्यामुळेच. तिच्या आईलाही तसंच वाटतं. जिद्द म्हटली की बाकी कोणाला काही करावं लागत नाही, हा त्यातला मोठाच फायदा आहे!

माझंच सांगते. आजोळी मळ्यात विहीर होती. मे महिन्यात मामा आम्हा सगळ्या पोरांच्या पाठीला पत्र्याचा डबा बांधून आत सोडायचा. दोन सुट्ट्यांत माझा डबा सुटला. वरच्या थारोळ्यावरून उडी मारायची मी, भावांच्या आधी. बाराव्या वर्षी गेले तर उडी मारायच्या वेळी आजी म्हणाली, "तू ये गं इकडे, पापड लाटायला हात हवाय." कोणी रागावलं नाही, बंदी केली नाही. नुसते पापड लाटायला बोलावलं. दुसऱ्या दिवशीही बोलावलं. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच गेले नाही. आज कोणी विचारलं तर मीही म्हणते, "सोडून दिलं हो पोहणं." सोडलं मीच, नाही का?

कपड्यांचा प्रश्न आहे, महिन्याचे चार दिवस आहेत, तलावाच्या भिंतीवरून डोकावणारे आहेत, केस ओले राहतात, सर्दी होते. आयांना हे सगळं दिसतं आणि त्यांचं चुकत नाही. पण यातल्या एकाही गोष्टीला मुलीची जिद्द हे उत्तर नाही. भिंत उंच करायला गवंडी लागतो. शिकवायला बाई लागते. बॅचची वेळ बदलायला कागदावर एक सही लागते.

त्या रात्री वहिनींना मी आरतीच्या होडीची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अकरा ते बारा ही वेळ कोणी ठरवली असेल हो?" ते आजवर आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं तेव्हा कळलं, खास अशी कोणी ठरवलेलीच नाही. बाकीच्या वेळा भरल्या, ही उरली होती.

आम्ही अर्ज लिहिला आहे. लेडीज बॅच संध्याकाळी सहा ते सात करावी, निदान आठवड्यातून चार दिवस, आणि त्या वेळेला शिकवायला बाई असावी. भिशीत फिरवला, सतरा सह्या झाल्या. तिघींनी घरी विचारून सांगते म्हटलंय. टेबलापलीकडचे साहेब अर्ज वाचून म्हणाले, "बघू, उन्हाळा संपू दे." पोहायचा तलाव, आणि उन्हाळा संपू दे! मी पोच मागितली. शिक्का मारून दिली त्यांनी, तेवढं बरं.

वहिनींची लेक परवा जिन्यात भेटली. "काकू, सहा ते सात झालं तर मला क्लास बदलावा लागेल," म्हणाली, आणि लगेच पुढे, "तो मी सकाळचा करून घेते. आईला सांगाल का तुम्ही?"