यजमानधर्म

अतिथि ह्या शब्दाची व्युत्पत्ति आम्हीं आमच्या वर्गांत किती वेळां सांगितली असेल ह्याची गणती नाहीं. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नसते तो अतिथि. आणि ज्याचा दिवस, वार व गाडी आपणांस आधींच ठाऊक असते, ज्याच्यासाठीं चादरी धुऊन ठेवलेल्या असतात, तो पाहुणा. घराची खरी परीक्षा पाहुण्यानें होत नाहीं, अतिथीनें होते. सन २०२५ च्या शरद् ऋतूंत आमच्या नव्या मुंबईवर अशीच परीक्षा येऊन पडली. ती तिनें कशी दिली, ह्याविषयीं ह्या महिन्यांत चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

स्त्रियांच्या क्रिकेटची विश्वचषक स्पर्धा भारतांत भरण्याची ही चौथी खेप. पूर्वीं १९७८, १९९७ व २०१३ ह्या सालीं ती येथें झाली. २०२५ ची स्पर्धा भारत व श्रीलंका ह्या दोन देशांत मिळून भरावयाची होती, आणि तिच्या मूळ पत्रिकेंत बंगळूरचें नांव होतें, नव्या मुंबईचें नव्हतें. पुढें ४ जून रोजीं बंगळुरास चिन्नास्वामी क्रीडांगणाबाहेर विजयोत्सवासाठीं लोटलेल्या गर्दींत चेंगरून ११ जीव गेले. त्या दुर्घटनेनंतर तेथील सामने हलवावे लागले, व २२ ऑगस्ट रोजीं त्या जागीं नवी मुंबई जाहीर झाली. स्पर्धेचा आरंभ ३० सप्टेंबरचा. म्हणजे मध्यें अवघे ३९ दिवस. वांट्यास आले ते साखळीचे तीन सामने, एक उपान्त्य सामना आणि, पाकिस्तानचा संघ तेथवर न पोंचल्यास, अंतिम सामनाहि. दुसऱ्याच्या घरीं दुःख झालें म्हणून आपल्या घरीं आलेलें असें हें कार्य होतें. अशा कार्यांत मिरवावयाचें नसतें. तें नीट पार पाडावयाचें असतें.

यजमान अगदींच नवखा होता असें मात्र नाहीं. नेरुळचें डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगण २००८ सालीं बांधून झालें, व त्याच वर्षीं १ जून रोजीं आयपीएलचा पहिला अंतिम सामना तेथें झाला. २०१७ मध्यें सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने तेथें झाले. २०२२ हें वर्ष तर विशेषच म्हटलें पाहिजे. त्या वर्षीं फेब्रुवारींत आशियांतील स्त्रियांच्या फुटबॉलचा अंतिम सामना, ऑक्टोबरांत सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, आणि ११ डिसेंबर रोजीं ऑस्ट्रेलियाच्या स्त्रीसंघाशीं बरोबरींत सुटून जादा षटकांत भारतानें जिंकलेला वीस षटकांचा सामना, हे तिन्ही ह्याच मैदानावर झाले. २०२३ च्या मार्चांत विमेन्स प्रीमियर लीगचा पहिला सामनाहि येथेंच झाला. म्हणजे मुलींचा खेळ पाहावयास जावें, ही संवय ह्या शहरास हळूहळू लागत होती. आयत्या वेळीं उपयोगीं पडते ती संवयच.

महाभारतांत राजसूय यज्ञाच्या वेळीं धर्मराजानें कामें वांटून दिलीं तें वर्णन वाचकांच्या स्मरणांत असेलच. खर्चाचा व्यवहार विदुराकडे, नजराणे स्वीकारण्याचें काम दुर्योधनाकडे, आणि ब्राह्मणांचे पाय धुण्याचें काम प्रत्यक्ष श्रीकृष्णानें आपणाकडे घेतलें. ह्यांतील मर्म असें कीं, उत्सवाची शोभा सिंहासनावर दिसते, परंतु त्याचा भार पाय धुणारांवर असतो. नेरुळच्या सोहळ्यांत हें पाय धुण्याचें काम कोणीं केलें, हें आम्हीं स्वतः पाहिलें.

२६ ऑक्टोबर, रविवार. भारत व बांगलादेश ह्यांचा सामना होता व आम्ही आमच्या बारा वर्षांच्या नातीस घेऊन गेलों होतों. ह्या स्पर्धेच्या साखळी सामन्यांचीं तिकिटें शंभर रुपयांपासून ठेवलेलीं होतीं. त्यामुळें आमच्या आसपास मोठमोठीं कुटुंबें सहकुटुंब बसलेलीं होतीं, डबे उघडले जात होते, आणि एका आजीबाई विणकाम करीत होत्या. त्या दिवशीं पावसानें कोणाची भीड ठेविली नाहीं. पाऊस येई, आच्छादनें ओढलीं जात. पाऊस थांबे, तीं गुंडाळलीं जात. पुन्हां येई, पुन्हां ओढलीं जात. सामना २७ षटकांचा करण्यांत आला. बांगलादेशाच्या ९ बाद ११९ धावा झाल्या. आणि भारताच्या बिनबाद ५७ झाल्या असतां खेळ कायमचा थांबला. भिजलेल्या चिमण्यांसारखे आम्ही सारे बाहेर पडलों. तेथें हातांत दिवा घेतलेल्या एक स्त्री पोलीस शिपाई गर्दीस नेरुळ स्टेशनाची वाट दाखवीत होत्या, "आजोबा, सावकाश, पायरी आहे" असें प्रत्येक म्हाताऱ्यास निराळें सांगत होत्या. निकाल न लागलेल्या सामन्याचीं हजारों माणसें धक्काबुक्कीवांचून घरीं गेलीं. बंगळूरची वार्ता ज्यानें वाचली असेल त्यास ह्या साध्या गोष्टीचें मोल सांगावयास नको.

त्याच सामन्यांत क्षेत्ररक्षण करतांना भारताची सलामीची फलंदाज प्रतिका रावळ हिचा पाय दुखावला व तिची स्पर्धा संपली. तिच्या जागीं शफाली वर्मा हिला बोलावणें गेलें. ती मूळ संघांत नव्हती. शहर बदलीचें आणि खेळाडूहि बदलीची! पुढें काय झालें हें सर्वांस विदित आहे. ३० ऑक्टोबरच्या उपान्त्य सामन्यांत ऑस्ट्रेलियानें ३३८ धावा केल्या, आणि वांद्र्याच्या जेमिमा रॉड्रिग्जनें नाबाद १२७ करून भारतास पांच गडी राखून जिंकून दिलें. एकदिवसीय सामन्यांत इतक्या धावांचा पाठलाग स्त्रियांच्या कोणत्याहि संघानें त्यापूर्वीं यशस्वी केला नव्हता. २ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यास पुन्हां पाऊस आडवा आला. तीन वाजतां सुरू व्हावयाचा खेळ पांच वाजतां सुरू झाला. परंतु एकहि षटक कमी करावें लागलें नाहीं. हें यश मैदानाची निगा राखणारांचें. त्यांचीं नांवें कोठें छापून आलेलीं आमच्या पाहण्यांत नाहींत. शफालीनें ८७ धावा करून दोन गडी बाद केले. दीप्ति शर्मा हिनें ५८ धावा व पांच बळी घेतले. भारताच्या ७ बाद २९८ पुढें दक्षिण आफ्रिकेचा संघ २४६ वर आटोपला. मध्यरात्र उलटून गेली होती, व ३९,००० हून अधिक प्रेक्षक तेव्हां क्रीडांगणांत होते. प्रतिका चाकांच्या खुर्चीवरून त्या आनंदांत सामील झाली. संघाचे शिक्षक अमोल मुजुमदार हेहि मुंबईचेच. १९८८ सालीं तेंडुलकर व कांबळी ह्यांची ६६४ धावांची भागी चालली असतां पुढचा फलंदाज म्हणून ते पॅड बांधून बसून राहिले होते, व पुढें भारताकडून खेळण्याचा योग त्यांस कधींच आला नाहीं. वाट पाहणाऱ्या माणसाच्या पदरांत हें फळ पडलेलें पाहून आम्हांस विशेष समाधान वाटलें.

तो अंतिम सामना आम्हीं घरींच पाहिला. तिकिटासाठीं आमच्या नातवानें दोन रात्री जागून काढल्या, परंतु हातीं कांहीं लागलें नाहीं. यजमानानें दार उघडें ठेवलें तरी घरच्या माणसांस आंत येण्याची वाट नीट कळावी, इतकी सुधारणा पुढील खेपेस व्हावी. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्वार्ट हिचें शतक पुरें झालें तेव्हां आमच्या नातीनें टाळ्या वाजविल्या. नातू तिच्यावर रागावला. "अग, ती आपल्याविरुद्ध खेळते आहे!" त्यावर ती म्हणाली, "पण आपल्याकडे आली आहे ना?" आम्हीं निकाल नातीच्या बाजूनें दिला.

आतां एक कटु गोष्ट. ह्याच स्पर्धेंत २३ ऑक्टोबर रोजीं इंदूर येथें ऑस्ट्रेलियाच्या दोन खेळाडू कॉफी पिण्यासाठीं पायीं जात असतां एका मोटारसायकलस्वारानें त्यांचा पाठलाग करून त्यांच्याशीं असभ्य वर्तन केलें. त्यास लागलीच अटक झाली, हें ठीक. परंतु नंतर, त्यांनीं कोणास न सांगतां बाहेर जावयास नको होतें, असा उपदेश पाहुण्यांनाच करणारेहि निघाले. हा सूर आम्हांस फार ओळखीचा वाटतो, कारण तो आमच्या घराघरांतून निघतो. श्रीकृष्णानें दुर्योधनाची मेजवानी नाकारली व विदुराघरचें साधें अन्न आनंदानें स्वीकारलें. कारण पक्वान्नांत उणें नव्हतें, मनांत होतें. तोरणें, रोषणाई व सुग्रास भोजन ह्यांनीं पाहुणचार पुरा होत नाहीं. पाहुणी स्त्री निर्धास्तपणें कोपऱ्यावर जाऊन परत येऊं शकते कीं नाहीं, ह्यावरून शहराचा यजमानधर्म ठरतो. नव्या मुंबईंत ह्या स्पर्धेपुरता तो पाळला गेला असें आम्हांस वाटतें. परंतु आपल्या मुलींसाठीं तो रोज पाळला जातो काय, हा प्रश्न उरतोच.

यजमान म्हणवून घेतांना आणखी एक गोष्ट विसरूं नये. हें शहर स्वतःच कोणाच्या तरी अंगणांत उभें आहे. १९७० मध्यें सिडको स्थापन झाली व ठाणें, उरण, पनवेलकडील ९५ गांवांच्या जमिनीवर नवें शहर आंखलें गेलें. भाताचीं खाचरें व मिठागरें गेलीं. १९८४ च्या जानेवारींत जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या लढ्यांत पांच शेतकऱ्यांचे प्राण गेले. आम्ही पांढरपेशे तेथें मागाहून येऊन राहिलों. तेव्हां नेरुळच्या मैदानावर जगाचें स्वागत झालें त्याचें पहिलें श्रेय आगरी व कोळी बांधवांचें आहे, हें कोठेंतरी लिहून ठेवलें पाहिजे.

शेवटीं स्वतःविषयीं एक कबुली. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील पांच-सहा मुली आमच्याकडे आल्या व मधल्या सुटींत अर्धा तास मैदान मिळावें अशी विनंति करूं लागल्या. त्यांनीं कोठूनसें एक जुनें लांकडी फळकूट व चेंडू पैदा केला होता. आम्हीं वेळापत्रक उघडलें, त्यांत जागा नाहीं असें दाखविलें, व त्या परत गेल्या. जागा नव्हती हें खरें. परंतु ती आम्हीं शोधलीहि नव्हती. मुलांनीं मागतांच ती तत्काळ निघाली असती, हें आम्हांस तेव्हांहि ठाऊक होतें. त्या मुलींनीं पुन्हां विचारलें नाहीं. सांगलीची स्मृति मानधना २३ ऑक्टोबर रोजीं नेरुळास शतक झळकावीत असतां आम्ही टाळ्या वाजवीत होतों, पण डोळ्यांपुढें त्या परत जाणाऱ्या पांच-सहा पाठी होत्या.

सात समुद्रांपलीकडून आलेल्या मुलींचें आतिथ्य ह्या शहरानें उत्तम केलें, ह्याचा आम्हांस अभिमान आहे. आतां प्रत्येक शाळेनें आपलें वेळापत्रक एकदां उघडून पाहावें. आमच्या नातीच्या शाळेंत मुलींना मैदान आठवड्यांतून एक दिवस मिळतें. येत्या सोमवारीं आम्ही मुख्याध्यापकांकडे जाणार आहों व दुसरा दिवस मागणार आहों. ह्या खेपेस विनंति करणारे आम्ही असूं. वेळापत्रकांत जागा नाहीं असें उत्तर मिळालें तर ती कशी शोधावी, हें आम्हांस चांगलें माहीत आहे.