वाचलेली सतरा मिनिटं

घरातला वेळ कसा वाचवावा यावर सल्ला देणाऱ्या माणसाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत घेऊ नये, अशा मताचा मी अलीकडे झालो आहे. तुम्ही म्हणाल, एवढं संतापायला झालं काय? संतापलेलो नाही. पस्तावलेलो आहे. कारण गेल्या दिवाळीपर्यंत तो सल्ला देणारा माणूस मीच होतो.

आमचं बिऱ्हाड डोंबिवलीचं. माणसं पाच. ऐंशी पार केलेली आई, मी, सौ., नुकताच नोकरीला लागलेला चिरंजीव आणि कॉलेजात जाणारी कन्या. सौ.सुद्धा नोकरी करते. म्हणजे सकाळी साडेपाच ते सव्वाआठ एवढ्या वेळात चार डबे, आईची बिनतिखटाची भाजी, दोनदा चहा, एकदा कॉफी, पाणी भरणं, मशीन लावणं, कपडे वाळत घालणं आणि दोन माणसांना तीन-तीनदा उठवणं, एवढं उरकायचं असतं. या धांदलीत मी काय करीत असे? पेपर वाचीत असे. घरात एक तरी माणूस शांत असावा, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

अशा शांत माणसांच्याच डोक्यात सुधारणा शिरतात. आमच्या ऑफिसात कार्यक्षमतेवर एक व्याख्यान झालं. त्यात फ्रँक गिलब्रेथ नावाच्या अमेरिकन गृहस्थांची गोष्ट सांगितली. या गृहस्थांनी गवंडी वीट कशी लावतो ते बारकाईने पाहिलं आणि अठरा हालचालींचं काम पाचेक हालचालींवर आणून ठेवलं. जाकिटाची बटणं ते खालून वर लावीत. कारण वरून खाली लावायला सात सेकंद लागतात आणि खालून वर तीनच. मी भारावून घरी आलो. गिलब्रेथसाहेबांनी दोन वस्तऱ्यांनी एकदम दाढी करून चव्वेचाळीस सेकंद वाचवले होते आणि मग कापलेल्या गळ्यावर पट्टी बांधण्यात दोन मिनिटं घालवली होती, हा भाग मात्र व्याख्यात्याने सांगितला नाही. तो त्यांच्या मुलांनी १९४८ साली लिहिलेल्या ‘चीपर बाय द डझन’ या पुस्तकात आहे. तो मी नंतर वाचला. तोपर्यंत आमच्याही घरात पट्टी बांधायची वेळ आली होती.

पुढच्या सोमवारी पहाटे मी मोबाइलवरचं घड्याळ लावून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. ओट्यापासून फ्रिजपर्यंत सौ.च्या तेवीस खेपा झाल्या. मी त्या वहीत टिपल्या. कुकरजवळ ती शिट्ट्या मोजत होती. मी तिला समजावलं, की दाब वाढला की आतलं पाणी शंभराऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. तेव्हा शिट्ट्या न मोजता पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून मिनिटं मोजावीत. ती म्हणाली, “बरं.” लग्नाला तीस वर्षं झालेल्या बायकोच्या ‘बरं’चा अर्थ कळायला मला आणखी तीस वर्षं लागतील.

रात्री मी तिच्यापुढे युक्त्यांची यादी ठेवली. कणीक आदल्या रात्री मळून ठेवावी. कडधान्य झोपताना भिजत घालावं. दाण्याचं कूट आठवड्याचं एकदम करावं. लसूण कोमट पाण्यात टाकून सोलावा. कुकरात खाली वरण, मध्ये भात आणि वर बटाटे असे तीन डबे लावावेत. भाजी रात्रीच चिरून ठेवावी. एकूण बचत रोज सकाळी सतरा मिनिटं. खाली मी सहीसुद्धा केली होती.

तिने यादी वाचली आणि विचारलं, “अहो, यातलं भाजी चिरणं सोडून मी काय करत नाही, ते सांगा बरं?”

मी वही चाळली. खरोखर सांगता येईना.

“आणि एक राहिलं,” ती म्हणाली. “दार अडवून उभे राहू नका. फ्रिजकडे जाताना वळसा पडतो.”

तरीही तिने माझा मान राखला. भाजी रात्री चिरायला लागली. सकाळी सतरा मिनिटं खरोखरच वाचली. मी विजयी मुद्रेने पेपर उघडला. पण त्याच रात्री अकरा वाजता पाणी प्यायला उठलो, तर ही पेंगत गवार मोडत बसलेली. घड्याळ लावलं. बावीस मिनिटं. म्हणजे सकाळी सतरा वाचवून रात्री बावीस फेडायची. इतकं व्याज गावचा सावकारही घेत नसे.

वाचलेल्या त्या सतरा मिनिटांचं तरी काय झालं? मंगळवारी चिरंजीव म्हणाले, “आई, तुला वेळ आहे ना, मग शर्टावर जरा इस्त्री फिरव.” बुधवारी कन्या म्हणाली, “डब्यात रोज पोळी काय, पराठे दे ना.” गुरुवारी मीच म्हणालो, की सकाळी पोहे व्हायला हरकत नाही. शुक्रवारी सतरा मिनिटं संपून वर पाच मिनिटांचा तोटा होता.

इथेच माझं या तमाम युक्तीबहाद्दरांशी भांडण सुरू होतं. पैसा वाचवला तर तो वाचवणाऱ्याच्या नावावर बँकेत राहतो. घरातला वेळ वाचवला तर तो ओट्यावर उघडा पडतो आणि ज्याचा हात आधी पोचेल तो उचलतो. युक्ती सांगणारा एक, ती करणारी दुसरी आणि वाचलेला वेळ खाणारे तिसरे. असला व्यवहार दुकानदारीत कुणी केला, तर आपण त्याला फसवणूक म्हणू. घरात त्याला नियोजन म्हणतात.

यंत्रांचंही तेच. आपल्या देशात प्रेशर कुकर १९५९ पासून बनू लागले. आमच्या घरी तो दुष्काळाच्या साली, १९७२ ला आला. आई अजून सांगते, “कुकर आणला त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, आता तुला सकाळचा वेळ मिळेल हो, यंदा लोणची दोन बरण्या जास्त घाल.” पाट्यावर चटणी वाटायची तेव्हा ती रविवारी व्हायची. मिक्सर आला, रोज ओली चटणी हवीशी झाली. हाताने धूत होते तेव्हा पँट तीन दिवस चालायची. मशीन आलं आणि आमच्या चिरंजिवांना संध्याकाळचा टी-शर्ट सकाळी घालणं अमानुष वाटू लागलं. रूथ श्वार्ट्झ कोवन नावाच्या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात हेच दाखवून दिलं, की घरात यंत्रं आली तेव्हा कष्ट हलके झाले, पण आईचे तास काही कमी झाले नाहीत. त्या बाईंची आणि माझ्या आईची भेट झाली असती तर दोघींचं पाच मिनिटांत जमलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, ही एका घराची रडकथा झाली. तर आकडे घ्या. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर पाहणी केली, की माणसं दिवसाचा वेळ कुठे घालवतात. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात सरासरी रोज २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटं. आणि ही ९७ मिनिटं सगळ्या पुरुषांची नव्हेत बरं का! जे घरकामाला हात लावतात त्यांची. असे पुरुष शंभरातले जेमतेम सव्वीस. बाकीचे चौऱ्याहत्तर माझ्यासारखे शांत. पुन्हा २०२४ साली पाहणी झाली. बायकांची २९९ वरून २८९ झाली. वा! पाच वर्षांत दहा मिनिटं वाचली. तेवढ्यात पुरुषांचा आकडा पाहिला. ९७ वरून ८८. आम्हीही लगोलग नऊ मिनिटं वाचवून घेतली होती. स्पर्धेत मागे राहणं आम्हाला ठाऊक नाही.

आमचे डोळे उघडायला निमित्त झालं मेहुणीच्या मोतीबिंदूचं. सौ. आठ दिवसांसाठी नाशिकला गेली आणि घर माझ्या हातात आलं. युक्त्या पाठच होत्या. पहिल्या दिवशी रात्री मी छोले भिजत घातले, कणीक मळली आणि गिलब्रेथसाहेबांचं स्मरण करून झोपलो. सकाळी कळलं, की कन्येचा गुरुवारचा उपास आहे, आईला छोले चालत नाहीत आणि दूध कालच संपलं आहे.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की सौ.च्या तेवीस खेपा मी मोजल्या त्या पायांच्या. डोक्यातल्या खेपा घड्याळात दिसतच नाहीत. दूध किती उरलंय, आईच्या गोळ्या कधी संपतात, दळण कधी टाकायचं, मोलकरीण उद्या येणार नाही असं काल म्हणाली होती का, ही ये-जा दिवसभर चालू असते. बसमध्ये, ऑफिसात, झोपेतसुद्धा. यावर कुठलाही युक्तीबहाद्दर युक्ती सांगत नाही. कारण ही खेप त्याने कधी घातलेलीच नसते.

आणि त्यात ते प्रश्न! “बाबा, माझा मोजा कुठाय?” “बाबा, चार्जर कुठाय?” “अरे, माझा चष्मा बघ रे कुठे ठेवलाय.” मी एका सकाळी मोजले. एकोणीस. त्याहून भयंकर म्हणजे मी विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर. “आज भाजी काय करू?” असं विचारलं, की घरातून एकमुखाने आवाज येतो, “काहीही!” काहीही नावाची भाजी डोंबिवलीच्या बाजारात मिळत नाही. दुधी करावा तर नाकं मुरडतात. भेंडी करावी तर परवाच झाली म्हणतात. त्या ‘काहीही’चा उलगडा करण्यात माझी रोज आठ मिनिटं जात. तीस वर्षं ते ‘काहीही’ मी स्वतः पेपराच्या आडून फेकत आलो होतो, हे आठवून मला घाम फुटला.

चौथ्या दिवशी मी हात टेकले. डबे रिकामेच ओट्यावर मांडले आणि जाहीर केलं, की ज्याने त्याने आपला भरावा. कपडे चिरंजिवांनी वाळत घालावेत. आठवड्याच्या भाज्या रविवारी कन्येने कागदावर लिहून फ्रिजला चिकटवाव्यात. मोजे ज्याचे त्याने शोधावेत. न सापडल्यास एकच घालून जावं. आईनेही आपल्या गोळ्यांचा हिशेब स्वतःकडे घेतला आणि वर म्हणाली, “हे मला आधीच द्यायचं नाही का? मी काय नुसती बसूनच असते.” आठवड्याच्या शेवटी मी घड्याळ लावलं. सकाळची चाळीस मिनिटं वाचत होती. एकही हालचाल कमी न करता. फक्त ती पाच जणांत वाटून.

सौ. परत आली त्या रात्री मी मोठ्या उदारपणे विचारलं, “आता तुझी सकाळची चाळीस मिनिटं मोकळी. काय करशील?” मला वाटलं, गाण्याचा क्लास म्हणेल, योगासनं म्हणेल.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मला पेपर वाचायचाय. सकाळी. घडी न मोडलेला.”

तीस वर्षं तिने पेपर वाचला तो रात्री अकरानंतर. तोवर त्यातल्या बातम्या शिळ्या झालेल्या, पुरवणीवर कुणीतरी भजी निथळायला ठेवलेली आणि शब्दकोडं मी सोडवून टाकलेलं. आणि या एवढ्या वर्षांत तिने ते एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. बोलायला वेळ कुठे होता?

तेव्हा वाचकहो, वेळ वाचवण्याच्या युक्त्यांचं कात्रण कुणी तुमच्या बायकोच्या हातात ठेवत असेल, तर ते काढून घ्या आणि त्याच्या हातात कोथिंबिरीची जुडी ठेवा. निवडता निवडता त्याला सगळं समजेल.

आमच्याकडे आता सकाळी पेपर सौ.च्या हातात असतो. कुकर मी लावतो. शिट्ट्याही मोजतो. मिनिटांचं लक्षात राहत नाही. परवा कन्येने फ्रिजवर चिकटवलेला कागद कुठेतरी उडून गेला. मी ओट्यापाशी उभा राहून विचारलं, “अगं, आज भाजी काय करू?”

शब्दकोड्यातून मान वर न काढता ती म्हणाली, “काहीही.”